वीरगळांतला शिपाई

कोल्हापुरांत येणारा पाहुणा कावळा नाक्यावर पोहोंचला कीं, महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा पाहून क्षणभर थबकतोच. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचें तें काम आहेच तसें. परंतु त्या घोड्यामागून जे शिपाई चालले, त्यांची आठवण कोणीं कशांत कोरली, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आज त्याविषयींच दोन शब्द बोलण्याचा माझा मानस आहे.

ह्या प्रश्नाचें जुनें उत्तर फार लांब नाहीं. करवीर तालुक्यांतील बीड गांवीं जावें. तेथें वीरगळ पाहावयास मिळतात. वीरगळ म्हणजे रणांत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावर खालून वर वाचावयाचे चित्रपट्ट असतात. सर्वांत खालीं झुंज किंवा धारातीर्थीं पडलेला वीर; त्याच्यावर त्याला स्वर्गीं घेऊन जाणाऱ्या अप्सरा; त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर; आणि शेवटीं कलश व चंद्रसूर्य. चंद्रसूर्य आहेत तोंवर ही स्मृति राहो, असा त्याचा अर्थ. कित्येक शिळांवर खालच्या पट्टांत गाई दिसतात. गांवचें गोधन सोडवितांना पडलेला तो कोणी साधा माणूस होय. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरली आहे. राजांसाठीं जसे ताम्रपट, तसा सामान्य शिपायासाठीं वीरगळ, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मी शाळेंत असतांना एकदां मुलांना घेऊन बीडला गेलों होतों. सर्व समजावून सांगितल्यावर एका मुलानें विचारलें, "गुरुजी, ह्याचें नांव काय?" कर्नाटकांतील अनेक वीरगळांवर लेख आहेत; आपल्याकडील बहुतेक मुके आहेत. मला उत्तर देतां आलें नाहीं. ती टोंचणी अजून गेलेली नाहीं.

आतां जवळच्या काळाकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कूत येथें सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तींत १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य संपत आलें; घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस कित्येक आठवडे नाकारलें व ते उपासानें खंगले. अखेर शरणागति झाली आणि सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं. सेनापति टाउनशेंड यांस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर इतमामानें ठेवण्यांत आलें. शिपायांना मात्र वाळवंटांतून पायीं हांकीत नेलें. त्यांतील बरेच हिंदी कैदी रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. वाटेंत आणि कामावर किती तरी मेले.

माझ्या एका विद्यार्थ्याचे पणजोबा त्या कैद्यांपैकीं होते. ते परत आले. घरच्या मंडळींना एवढेंच आठवतें कीं, म्हातारे ताटांत शीत उरूं देत नसत, आणि कोणी युद्धाची गोष्ट काढली तर उठून अंगणांत जात. अशा माणसासाठीं वीरगळांत पट्ट नाहीं. तो पडला नाहीं, म्हणून अप्सरा नाहींत; जिंकला नाहीं, म्हणून पोवाडा नाहीं.

आणि जे मेले त्यांचें तरी काय? १९२९ सालीं बसरा येथें मोठें स्मारक उभें राहिलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. हिंदी अंमलदारांचींही कोरलीं. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या! आपल्याकडील खेड्यांतून लावलेल्या संगमरवरी पाट्याही बहुधा तशाच: ह्या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके मेले. स्मारकें सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानें २०२१ सालीं ह्या पक्षपाताची कबुली देऊन क्षमा मागितली. त्याला शंभर वर्षें लागलीं. वीरगळांत नांव नाहीं, पण निदान माणूस आहे. त्या फलकांवर माणूसही उरला नाहीं, केवळ आंकडा उरला.

कोणी म्हणेल, शरण गेलेल्यांचें स्मारक कशाला? त्यावर माझें उत्तर असें कीं, शरण जाण्याचा हुकूम सेनापतीचा होता; शिपायानें वेढ्यांत हुकूम पाळला आणि कैदेंतही त्याची किंमत भरली. शौर्य एका क्षणाचें असूं शकतें. पण रोज भुकेनें उठून माणूसपण टिकविणें हें शौर्याहून कमी कसें म्हणावें?

जर्मनींत बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणींत त्याच युद्धांत हिंदी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रिकांवर घेतले गेले. हेतु भाषाशास्त्राचा होता, कैद्यांच्या गौरवाचा नव्हे. तरी ते आवाज बर्लिनमध्यें आजही जपलेले आहेत. आपणांस हें व्याख्यान जसें केवळ आवाजानें पोहोंचत आहे, तसेच ते कैदीही पोहोंचतात. न कळत घडलेलें तें एक स्मारकच होय.

आपलें हें शहर कलावंतांचें आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर येथेंच झाले. म्हणून येथील तरुण शिल्पकारांना माझी एक विनंति आहे. राजांचे पुतळे पुष्कळ झाले, तेही योग्यच. पण आतां एक नवा वीरगळ घडवावा. खालच्या पट्टांत वेढा असावा, मधल्या पट्टांत अप्सरांऐवजीं वाळवंटांतून चाललेली कैद्यांची रांग असावी, आणि वरच्या पट्टांत अंगणांत एकटाच बसलेला म्हातारा असावा. चंद्रसूर्य मात्र राहूं द्यावेत. आणि आपण श्रोत्यांनींही एक करावें: घरांतील ट्रंकेंत एखादें जुनें पदक किंवा पेन्शनचा कागद असेल, तर त्यावरचें नांव घरांतील मुलांना वाचून दाखवावें. उद्यां एखाद्या मुलानें "ह्याचें नांव काय?" असें विचारलें, तर निदान तेवढ्या एका माणसाचें नांव तरी सांगतां आलें पाहिजे.