आम, खास आणि फुलंब्रीकर

एखादी गोष्ट पुष्कळांना आवडते हे सांगायला आपल्याकडे किती शब्द आहेत, मोजलेत कधी? मध्यंतरी सहज वहीत टिपून ठेवले. लोकप्रिय, गाजलेलं, घरोघरी पोचलेलं, तुफान चाललेलं, डोक्यावर घेतलेलं, तोंडी बसलेलं. यादी लिहिता लिहिता शेजारी दुसरी सुरू झाली. सवंग, बाजारू, गल्लाभरू, पिटातलं... वस्तू बहुतेकदा तीच असते बरं का, फक्त बोलणारा बदललेला असतो!

‘लोक’ हा शब्दच मुळी दुतोंडी. ‘लोकमान्य’ म्हटलं की मान ताठ होते आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हटलं की तीच मान खाली जाते.

आपल्या मराठवाड्यात याच्या जोडीला उर्दूचे शब्द आले. 1948 पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळे जुनी माणसं ‘प्रसिद्ध’ म्हणायच्या ऐवजी सहज ‘मशहूर’ म्हणून जायची. औरंगाबादचं (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) आम-खास मैदान तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. दरबारात आम लोकांची बसायची जागा वेगळी, खास लोकांची वेगळी. मैदानाच्या नावात मात्र दोघं शेजारी शेजारी उभे! संगीतात ही दोन माणसं इतकी जवळ सहसा उभी राहत नाहीत. पण एक माणूस दोघांमध्ये आयुष्यभर ये-जा करत राहिला आणि त्याच्या आडनावात आमच्या फुलंब्रीचं नाव आहे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर.

जन्म 1898 चा, आळंदीचा. 1911 च्या सुमारास बालनट म्हणून रंगभूमीवर आले. गुरू भास्करबुवा बखले, म्हणजे तालीम अस्सल खास दरबारातली. 1922 साली बुवा गेले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची जबाबदारी कृष्णरावांकडे आली. तिथे बालगंधर्वांसमोर बसायचे ते सगळ्या थरांतले लोक. पुढे शालूशेले, मागे स्वस्त तिकिटं. नाटकाला ‘लोकप्रिय’ म्हणावं की नाही, हे ठरवायला तेव्हा समीक्षक लागत नसे. ‘वन्समोअर’ हा एकच शब्द पुरे होता. इंग्रजीतून आला आणि मराठी होऊन बसला. आवडलं ना? मग परत म्हणा! या शब्दात तुच्छता नाही की उपकारही नाहीत, नुसती मागणी आहे.

पुढे कृष्णराव प्रभातमध्ये गेले. ‘माणूस’ (1939), ‘शेजारी’ (1941) ही चित्रपटांची नावं आठवून बघा. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी त्यांनी वेगवेगळ्या भाषांतली कडवी असलेलं गाणं दिलं. रागदारी पचवलेला माणूस आणि गाणं कोठ्यावर येणाऱ्या सगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी! याला शास्त्रीय म्हणावं की बाजारू? दोन्ही शब्द तोकडे पडतात.

मग आला रेडिओचा काळ. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्या जागी ‘सुगम संगीत’ आलं. शब्द बघा कसा आहे. सुगम म्हणजे जायला सोपं. म्हणजे खरं संगीत दुर्गम, आणि हे तुमच्यासाठी सोपं करून दिलेलं! लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली, ती काही उगाच नाही. पण गंमत अशी की मधल्या काळात, 1955 मध्ये, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमा आणि बाबूजींच्या त्या 56 गाण्यांना कोणी ‘सुगम’ म्हणून हिणवलं नाही. सोपं आणि हलकं यांत फरक असतो, हा धडा तेव्हा घरोघरी ऐकू आला.

कृष्णरावांना तो आधीच कळला होता, असं मला वाटतं. ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. झिंझोटीत चाल बांधली. ती बँडवर वाजली पाहिजे आणि गाणं न शिकलेल्या हजारोंना एकत्र म्हणता आली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. जानेवारी 1950 मध्ये ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. त्यांच्या मनासारखं पूर्ण झालं नाही. पण विचार करा, ज्याच्या गळ्यात अवघड ताना खेळायच्या, तो माणूस त्या बाजूला ठेवून सगळ्यांना झेपेल असं शोधत बसला. ही तडजोड नव्हती. माझ्या मते तीच खरी साधना.

आणि 1956 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. इथे ना तिकीट, ना वन्समोअर. वंदनेला कोणी ‘लोकप्रिय’ म्हणत नाही, ‘सुपरहिट’ तर नाहीच नाही. पण ती म्हणायची असते लोकांनीच, रोज, एकत्र. गाणारा आणि ऐकणारा वेगळा नसलेल्या या गोष्टीला आपल्या दोन्ही याद्यांत शब्द नाही.

सरकारने 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण दिलं. 1974 मध्ये ते गेले. खास लोकांनी मान दिला, आम लोकांनी चाली ठेवून घेतल्या. आज फुलंब्रीच्या स्टँडवर उभं राहून विचारलं तर गावाचं नाव आडनावात मिरवणारा हा गवई किती जणांना सांगता येईल, कोण जाणे.

असो. माझ्यापुरता शब्द मी निवडलाय, ‘तोंडी बसलेलं’. ‘लोकप्रिय’ किती जणांना आवडलं ते सांगतं, ‘सुगम’ कोणी परवानगी दिली ते सांगतं. ‘तोंडी बसलेलं’ मात्र गाणं आता कोणाच्या मालकीचं झालंय ते सांगतं. करणाऱ्याचं नाव पुसलं जाण्याची जोखीम त्यात आहे, म्हणून नाव अधूनमधून घ्यावं. आज मी घेतलं. तुमच्या घरी कोणता शब्द वापरतात? आजी-आजोबांना विचारा आणि मलाही सांगा.