ओतूरचे पत्र : १८७७ चा दुष्काळ आणि विकली जाणारी मुले

१/ २० एप्रिल १८७७. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यांची प्रसिद्ध झालेली पत्रे तीनच. त्यांतील हे शेवटचे. माणसे पोटची मुले आणि तरुण मुली विकून गाव सोडत आहेत, अशी नोंद त्यात आहे. या धाग्यात त्या एका नोंदीचा विचार करू.

२/ जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस सह्याद्रीचा मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने ओसरतो. १८७६ मध्ये दख्खनभर पावसाने दगा दिला. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेम्पल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरीही कापली गेली.

३/ शेतकरी आधीच कर्जात बुडालेला होता. सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव होऊन जेमतेम दोन वर्षे लोटली होती. जमीन गहाण, गुरे मेलेली. विकण्याजोगे काय उरले? मूल.

४/ कायदा नव्हता काय? होता. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. १८६० च्या दंडसंहितेत अल्पवयीनांना वेश्याव्यवसायासाठी विकणे व विकत घेणे, दोन्ही गुन्हे होते. परंतु कायदा शिक्षा देऊ शकत होता, भाकरी नव्हे.

५/ पत्रानुसार, सावकारांच्या पिळवणुकीतून तेथे दंगे उसळले आणि पोलिसांनी मदतकार्य करणाऱ्या ५० सत्यशोधकांनाच पकडले. सावित्रीबाईंनी कलेक्टरपुढे जाब विचारला. कार्यकर्ते सुटले, शिवाय कलेक्टरने चार गाड्या ज्वारी धाडली.

६/ मे १८७७ मध्ये जोतीरावांनी धनकवडी येथील व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी मदतीचे आवाहन केले. दुष्काळग्रस्तांच्या मुलांना तेथे अन्न मिळत असे. फुले दांपत्याची ही रीत जुनीच. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हाही विधवा मातेस दोष देत न बसता तिला बाळंतपणासाठी सुरक्षित जागा दिली होती. मूल वाचवायचे तर आधी आईबापांची कोंडी फोडावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

७/ पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. १८८० च्या दुष्काळ आयोगातून दुष्काळ संहिता घडली. तोवर लाखो माणसे दगावली होती.

८/ ही केवळ गतकाळाची कथा नव्हे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले अल्प मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी वेठीस ठेवल्याचे उघड झाले. वेठबिगारी १९७६ पासूनच कायद्याने बंद आहे! गरज, उचल आणि मूल हा क्रम मात्र तोच राहिला.

९/ म्हणून ओतूरचे पत्र वाचताना दोन प्रश्न विचारावेत : मूल कोणी विकत घेतले? आणि विकण्याची वेळ कोणी आणली? पहिल्याचे उत्तर पोलिसांनी शोधावे. दुसऱ्याचे आपण सर्वांनी. असे मूल आपल्या आसपास दिसल्यास १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी लक्षात असू द्यावी.