झेब्र्याचे पट्टे आणि भट्टीवरचं गाढव

पायाला पट्टे असलेल्या गाढवाचा व्हिडिओ ग्रुपवर आला की लोक विचारतात, खरं की एडिटिंग? भिवंडीकरांनो, खरं आहे. झेब्रा आणि गाढव यांचा संकर होतो. २०१३ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला असं एक शिंगरू जन्मलं. झेब्र्याने कुंपण ओलांडून गाढवीण गाठली होती.

हौस मात्र जुनी. प्लासीवाल्या क्लाइव्हकडे इंग्लंडात झेब्र्याची मादी होती. ती गाढवाला जवळ येऊ देईना, म्हणून गाढवाच्या अंगावर पट्टे रंगवले आणि मग काम झालं, अशी हकिकत जुन्या प्राणिशास्त्रात सांगतात. (बंगालमध्ये तरी याने दुसरं काय केलं होतं?) पुढे आफ्रिकेत इंग्रज आणि जर्मन या संकराच्या मागे लागले, कारण तिथे त्सेत्से माशीच्या रोगाने घोडे मरायचे. पण खेचरासारखाच हा संकरही वांझ. दर खेपेला नवा झेब्रा धरायचा आणि माणसाळवायचा. तेवढ्यात मोटार आली, विषय संपला.

डार्विनने १८५९ च्या ग्रंथात अशा संकरांच्या चित्रांबद्दल लिहिलंय: अंगापेक्षा पायावरचे पट्टे ठळक. आणि साध्या गाढवाच्या पायावरही पट्टे बऱ्याचदा दिसतात, हेही त्याने तिथेच नोंदवलं. म्हणजे व्हिडिओतलं नवल आपल्या वीटभट्टीवरच्या किंवा बांधकामावरच्या गाढवाच्या पायावरही सापडू शकतं. कधी वाकून बघितलंय?

बघाल तेव्हा पाठीवरच्या विटाही मोजा. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनुसार गाढवावर जास्तीत जास्त ५० किलो. वीट तीन किलोची धरली तर सोळा विटा, सतरावी बेकायदा. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. पारा ३७ च्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. आपल्याकडे भट्टीचा हंगाम पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, एप्रिल-मेच्या दुपारी काय असतात ते मी सांगायला नको. आणि एकट्या गाढववाल्याला झोडून भागणार नाही. पैसे विटांच्या हिशेबाने मिळत असतील तर तो सोळावर का थांबेल? नियम भट्टीमालकाच्या दारात पोचला पाहिजे.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आत. वजनकाटा घेऊन भट्टीवर गेलेला कोणी तपासणीस तुम्ही पाहिला असेल, तर खाली गावाचं नाव लिहा.