रोकड की कार्ड? नवी मुंबईकराच्या पाकिटाचा हिशेब

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच लागू लागतात आणि शहर जागे होण्यापूर्वी तेथील बरेचसे सौदे उरकलेले असतात. तेथून काही किलोमीटरवर, ऐरोली-घणसोलीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलांत काम करणाऱ्या नोकरदाराच्या हाती मात्र पगाराची एक नोटही पडत नाही. पगार थेट खात्यात जमा होतो आणि बराचसा खातूनच खर्ची पडतो. एकाच शहरात या दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यामुळे खिशात किती रोकड बाळगावी आणि कार्डावर किती विसंबावे, हा प्रश्न येथे केवळ सोयीचा राहत नाही. खर्चावरील ताबा, पैशांची सुरक्षितता आणि अडीअडचणीची तरतूद हे तिन्ही विषय त्यात गुंतलेले आहेत.

नियोजित शहर, रोखीचा बाजार

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नव्या शहराची आखणी सुरू झाली. दक्षिण मुंबईतील घाऊक बाजारपेठा १९८० आणि १९९०च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात हलविण्यात आल्या. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांचे हे आवार म्हणजे मुंबई महानगराचे कोठार होय. येथील व्यवहाराची रीत जुनी आहे. शेतकऱ्याला मिळणारी हिशेबपट्टी, किरकोळ विक्रेत्याला मिळणारी दोन-चार दिवसांची उधारी आणि रोख भरणा यांवर ती उभी राहिली.

माथाडी कामगारांच्या मजुरीची कथा मात्र याच आवारात वेगळी आहे. १९६९च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मजुरी आणि लेव्ही मालकाने माथाडी मंडळाकडे भरावी व मंडळाने ती कामगारास द्यावी, अशी पद्धत घालून दिली. मालकाने हातावर टेकवलेल्या पैशांची नोंद राहत नाही आणि नोंद नसलेल्या मजुरीवर भविष्य निर्वाह निधी वा उपदान मागता येत नाही, हे त्यामागील मर्म होते. व्यवहाराची नोंद ही दुर्बळाच्याही उपयोगाची असते, हा धडा कार्ड येण्याच्या कितीतरी आधी या शहराच्या बाजाराशी जोडला गेला होता.

कार्डाची वाटचाल

अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. भारतीय बँकांपैकी सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. देशातील पहिले एटीएम १९८७मध्ये मुंबईत एचएसबीसीने बसविले. तथापि, एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात सर्रास चालू लागले ते २००४मध्ये ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ हे जाळे सुरू झाल्यानंतर. त्यापूर्वी आपल्याच बँकेचे एटीएम शोधत हिंडणे हा नोकरदारांचा नित्याचा अनुभव होता.

२००८ साली राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले. २०१२मध्ये ‘रुपे’ हे देशी कार्ड आले आणि एप्रिल २०१६मध्ये ‘यूपीआय’ची सुरुवात झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द करण्यात आल्या. चलनातील नोटांच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. आठवडाभरात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ज्यांचे खाते केवळ तेथेच होते, अशा ग्रामीण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची त्यामुळे कोंडी झाली आणि शेतमालाच्या घाऊक बाजारांनाही त्याची झळ पोहोचली.

रोकड मात्र संपली नाही. नोटाबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन वापरात होते. मार्च २०२४अखेर ते सुमारे ३५ लाख कोटींवर गेले. याच काळात यूपीआयचे व्यवहारही वाढत गेले आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. म्हणजे एकाने दुसऱ्याला हद्दपार केले, असे घडलेले नाही. वाण्याच्या दुकानातील छोट्या खरेदीत कार्डाची जागा मोबाइलवरील क्यूआर कोडने घेतली आणि घरात अडीनडीसाठी ठेवायची रोकड आपल्या जागी राहिली.

यंत्रात कार्ड घातल्यावर

दुकानातील यंत्रात कार्ड घातल्यावर काही सेकंदांत चार पक्षांमध्ये निरोपांची देवाणघेवाण होते. दुकानदाराची बँक, व्हिसा, मास्टरकार्ड वा रुपेसारखे जाळे, कार्ड देणारी बँक आणि ग्राहक हे ते चार पक्ष. या सेवेचे मोल दुकानदाराकडून वसूल केले जाते. १ जानेवारी २०१८पासून डेबिट कार्डासाठी या शुल्काची कमाल मर्यादा ठरली. यंत्रात कार्ड वापरल्यास वार्षिक २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्यास ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्यास ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील हे शुल्क १ जानेवारी २०२०पासून शून्य करण्यात आले. क्रेडिट कार्डासाठी मात्र अशी मर्यादा नाही. तेथे हे शुल्क साधारणतः दोन टक्क्यांच्या आसपास असते.

हजार रुपयांच्या किराणा मालावर दोन टक्के म्हणजे वीस रुपये. धान्य-साखरेसारख्या मालात वाण्याचा नफाच मुळात थोडा असतो. ‘कार्ड चालेल, पण दोन टक्के जादा पडतील’ हे वाक्य तेथून येते. डेबिट कार्डावर असे जादा पैसे घेणे नियमबाह्य असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावले आहे. ग्राहकाने ते देण्यास नकार द्यावा आणि आपल्या बँकेकडे तक्रार करावी.

रोकडीचाही खर्च असतो

रोख व्यवहार फुकट असतो, हा समज खरा नाही. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महानगरांत महिन्याला तीन आणि इतरत्र पाच व्यवहार विनाशुल्क होतात. त्यापुढील प्रत्येक व्यवहारावर १ मे २०२५पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क आकारता येते. पाचशे रुपये काढण्यासाठी २३ रुपये मोजणे म्हणजे साडेचार टक्क्यांहून अधिक भुर्दंड झाला. शिवाय खोटी नोट हाती आली, तर बँक ती जप्त करून पावती देते. भरपाई मिळत नाही. तोटा शेवटच्या धारकाच्या पदरी पडतो.

सुट्ट्या पैशांची तंगी हा आणखी एक छुपा खर्च. बसमधील कंडक्टरशी होणारी हुज्जत आणि रुपयाऐवजी हातावर ठेवली जाणारी चॉकलेटची गोळी यांची मोजदाद कोणी करत नाही. दहा रुपयांची निरनिराळ्या नक्षीची सर्व नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने वारंवार जाहीर केले आहे. फाटकी किंवा मळकी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळू शकते. त्यासाठी त्या बँकेत खाते असण्याची अट नाही.

येथे नवी मुंबईकरांना उपयोगी पडणारी एक बाब अशी. दोन हजारांची नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले. तिची वैधता मात्र रद्द करण्यात आली नाही. बँकांच्या शाखांतील मुदत संपल्यानंतर ती स्वीकारण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ठेवण्यात आली आणि त्यांत मुंबईबरोबर बेलापूरच्या कार्यालयाचाही समावेश आहे.

हात सैल करणारे कार्ड

पाकिटातून नोट काढून देताना मनाला जी किंचित कळ लागते, ती कार्ड देताना लागत नाही. अमेरिकेतील ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्यांच्या तिकिटांसाठी बोली लावण्यास सांगितले होते. कार्डाने पैसे द्यायचे आहेत, असे सांगितलेल्यांची बोली रोखीने देणाऱ्यांपेक्षा बरीच चढी, काही बाबतींत दुपटीच्या घरात गेली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण सर्वांना ठाऊक असते. पण कार्ड वापरताना अंथरूण दिसतच नाही.

डेबिट कार्डाने निदान खात्यात असलेलेच पैसे खर्च होतात. क्रेडिट कार्ड हे अल्पमुदतीचे कर्ज होय. पूर्ण देयक मुदतीत भरल्यास ते बिनव्याजी असते. न भरल्यास महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के दराने व्याज चढते. देयकावर ठळक छापलेली ‘किमान रक्कम’ भरल्याने विलंब दंड टळतो, व्याज टळत नाही. एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोकड उचलल्यास पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे कर्जदाराचे संरक्षण शेवटी त्याच्या स्वतःच्या शिस्तीवरच येऊन ठेपते.

चोरी, फसवणूक आणि ग्राहकाचे हक्क

लोकलच्या गर्दीत पाकीट मारले गेले, तर रोकड गेली ती गेली. कार्ड मात्र एका दूरध्वनीने बंद करता येते. दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन टाकण्याची सक्ती डिसेंबर २०१३पासून झाली. चुंबकीय पट्टीच्या कार्डांच्या जागी चिप असलेली कार्डे देण्यासाठी २०१८अखेरची मुदत होती. यंत्राला नुसते टेकवून, पिन न टाकता पैसे देण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१पासून पाच हजार रुपये आहे. ही सोय नको असल्यास बँकेच्या अ‍ॅपवरून ती बंद करता येते.

धोका केवळ ग्राहकाच्या खिशाला असतो असे नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून चोरट्यांनी बनावट कार्डांच्या साह्याने देशोदेशीच्या एटीएममधून आणि अन्य मार्गाने ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविले.

अशा प्रसंगी जबाबदारी कोणाची, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. बँकेची चूक असल्यास ग्राहकावर भार नाही. चूक बँकेची वा ग्राहकाची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरीही ग्राहकाचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित दायित्व. बहुतेक बचत खात्यांसाठी ते दहा हजार रुपयांपर्यंत आहे. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बँकेकडून तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

कार्ड हाती, पैसे नाहीत

कार्ड हे पैसे नव्हेत. पैशांपर्यंत नेणारा तो रस्ता आहे आणि रस्ता बंद पडू शकतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय सेवा विस्कळीत झाली. अशा दिवशी रिक्षाचे भाडे आणि औषधाचे पैसे द्यायला नोटच कामी येते.

याहून गंभीर प्रसंग २३ सप्टेंबर २०१९ रोजी ओढवला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खात्यातून एकूण एक हजार रुपयेच काढता येतील असे जाहीर झाले. मुंबई महानगर परिसरातील असंख्य कुटुंबांचा पगार, निवृत्तिवेतन आणि दुकानाचे भांडवल त्या बँकेत होते. कार्ड पाकिटात असूनही ते निरुपयोगी ठरले. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली आणि जानेवारी २०२२मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. दरम्यान, फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. सारी शिल्लक आणि सारी कार्डे एकाच बँकेची नसावीत, हा या प्रकरणाचा व्यावहारिक बोध होय.

सुवर्णमध्य

मोठी खरेदी, विमा, शाळेचे शुल्क, रुग्णालयाचे देयक यांसाठी कार्ड वा बँक हस्तांतरण सोयीचे. तेथे पुरावा महत्त्वाचा असतो. एका व्यवहारात वा एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख वा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७पासून कायद्यानेच मनाई आहे. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा आहे. तो नसलेल्या वाहनाला रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट पथकर आकारण्याचा नियम नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झाला. नवी मुंबईकरांना वर्षानुवर्षे अडवणारा वाशीचा पथकर हलक्या वाहनांसाठी १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मात्र माफ झाला आहे.

आठवडी बाजार, भाजीवाली, घरकामाला येणाऱ्या मावशी, रिक्षा यांच्यासाठी छोट्या नोटांची सोय असावी. मोबाइलवरून पैसे घेणे त्यांतील अनेकांनी आत्मसात केले असले, तरी ज्यांचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात आहे, ज्यांना पडद्यावरचा मजकूर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हातात पडलेली नोट हेच सर्वांत भरवशाचे उत्पन्न असते. रोख नाकारणाऱ्या शहरात त्यांची जागा आक्रसते.

घरात चार-पाच दिवसांचा खर्च भागेल इतकी रोकड, पाकिटात एका दिवसाची, दोन निरनिराळ्या बँकांची डेबिट कार्डे आणि क्रेडिट कार्ड असल्यास महिनाअखेरीस पूर्ण फेडता येईल तेवढाच त्याचा वापर, एवढी आखणी सर्वसाधारण कुटुंबास पुरेशी ठरते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही वाण्याच्या दुकानातील पाटी हळूहळू दिसेनाशी झाली असली, तरी हिशेब ठेवण्याचे काम कार्डाने आपल्यावरून काढून घेतलेले नाही.