नारायण, लक्ष्मी आणि अपुल्लोस

जलालपूरच्या मनकर्णिका गोखलेचे लग्न झाले आणि रिवाजाप्रमाणे सासरी ती लक्ष्मी झाली. याच बाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मात्र त्यांचे नाव कोणी बदलले नाही. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर त्या लक्ष्मीबाई टिळक म्हणूनच आल्या. माहेरचे नाव लग्नाने पुसले. धर्मांतराने काहीच पुसले नाही.

त्यांचे यजमान नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक ग्रंथांचे काम करत होते. पुढे राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतल्या एका गोऱ्या उतारूने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नावापुढे रेव्हरंड लागले, पण नारायण हे विष्णूचे नाव जागचे हलले नाही. घरात लक्ष्मी आणि नारायण, आणि दोघेही ख्रिस्ती!

यात विपरीत काही नव्हते. ख्रिस्ती मंडळीचा जुना रिवाज हाच. पौलाच्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघडावा: फिबी हे अर्तमी देवीचे विशेषण, आणि हर्मेस तर सरळ ग्रीक देवच. करिंथच्या मंडळीत अपुल्लोस होता, त्याच्या नावात अपोलो. कोणी त्यांना नावे टाकायला लावली नाहीत. शौलाचा पौल झाला तो बाप्तिस्म्याने, ही समजूतही ऐकीव आहे. प्रेषितांची कृत्ये त्याला दोन्ही नावे असल्याचे सांगतात, एवढेच.

मग 'बाप्तिस्म्याचे नाव' आले कुठून? तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देऊ लागले, तेव्हा बारसे आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी येऊ लागले आणि पाणी म्हणजे नाव असे समीकरण बसले. सोळाव्या शतकात रोमन चर्चने संतांच्या नावांचा आग्रह धरला. त्याच सुमारास पोर्तुगीजांच्या वसई-गोव्याकडे आडनावेही बदलली आणि डिसोझा, फर्नांडिस, लोपिस आले.

नागपूरची वाट वेगळी. 1845 मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या पंथात संतांची आराधनाच नाही, तर संतांच्या नावांचा हट्ट कोण धरणार? नागपूरबाहेर नाव बदलल्याचे अपवादही होते. नीळकंठशास्त्री गोरे 1848 मध्ये नेहेम्या झाले. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात 'मेरी रमा' झाल्या, पण महाराष्ट्राने त्यातले मेरी कधी उचललेच नाही.

या सगळ्याच्या मुळाशी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला एक शब्द आहे: प्रतिरूप. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, म्हणून त्याचे मोल कुळावर, जातीवर किंवा नावावर ठरत नाही. मूळ हिब्रू शब्द 'त्सेलेम' मूर्तीसाठीही वापरत. मूर्ती घडवायला मनाई करणाऱ्या धर्माने तोच शब्द हाडामांसाच्या माणसाला लावावा, ही उत्पत्तीच्या लेखकाची मोठी खुबी वाटते. आणि बाप्तिस्म्याचा विधी नीट ऐकला तर तिथेही कोणी नवे नाव ठेवत नाही. पाळक आधी माणसाचे नाव घेतात, मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा. असलेल्या नावानेच त्याला पाण्याजवळ बोलावतात.

नागपुरात नावे टाकली ती चर्चनी. 29 नोव्हेंबर 1970 रोजी अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे सहा परंपरा इथे एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाल्या.

चर्चच्या दारात जात विचारायची नाही, हे सांगायला सोपे. पाळायला किती जड, ते दलित ख्रिस्ती माणसाला विचारावे. सरकारने मात्र चर्चच्या या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख त्यात आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. नागपूरच्या एखाद्या गल्लीत एकाच आडनावाची दोन घरे शेजारी निघतील, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती. दारावरच्या पाट्या वाचून पोस्टमनचा गोंधळ उडावा इतकी नावे सारखी. फरक दिसतो तो जातीच्या दाखल्यावर.