गिअरचा दांडा ढिला झाला म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे

जुन्या मोटारींच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. गिअरचा दांडा सैल पडतो, गिअरमध्ये असतानाही डावी-उजवीकडे डुलतो, पहिला गिअर चाचपून शोधावा लागतो आणि दुसरा टाकायला जावे तर चौथा पडतो. अशा वेळी 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' हा सल्ला लगेच मिळतो. मोठ्या खर्चाच्या धास्तीने काही जण गाडी तशीच रेटतात, तर काही जण गरज नसताना बॉक्स उघडतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या सांध्यांमधील, अत्यंत किरकोळ किमतीच्या रबरी किंवा नायलॉनच्या बुशमध्ये असतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी निदान महत्त्वाचे ठरते.

दांड्यापासून गिअरपर्यंत

चालकाच्या हातातील हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचविण्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत. जुन्या जीपसारख्या वाहनांत दांडा थेट गिअरबॉक्सच्या माथ्यावर बसविलेला असतो. इंजिन आडवे बसविलेल्या आणि पुढील चाकांना गती देणाऱ्या लहान मोटारींत गिअरबॉक्स दांड्यापासून दूर असतो. तेथे हे काम लोखंडी दांड्या करतात. नंतरच्या काळातील अनेक मोटारींत त्यांची जागा केबलने घेतली.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८०० दुसऱ्या प्रकारात मोडते. खासगी मोटारीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपल्यावर तपासणी करून घेऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्यामुळे या गाड्या आजही वापरात दिसतात. तिचा दांडा दोन्ही पुढील आसनांच्या मधोमध, नायलॉनच्या वाटीत गोलाकार टेकूवर बसतो. त्याचे खालचे टोक गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या दांडीला जोडलेले असते आणि ही दांडी गिअरबॉक्सच्या शाफ्टला सांध्याने जोडलेली असते. तिच्या जोडीने जाणारा एक्स्टेन्शन रॉड दांड्याच्या बैठकीला आधार देतो. या प्रत्येक जोडणीत बुश असते. ऊन, पाणी, चिखल आणि वर्षानुवर्षांची घासण यांमुळे ते झिजते, कडक होऊन तडकते. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत बोल्ट गंजून हा ऱ्हास लवकर होतो.

थोडीशी झीजही हाताला मोठी का वाटते, याचे कारण तरफेच्या तत्त्वात आहे. टेकूच्या वरचा दांडा खालच्या भागाच्या चौपट लांब असेल, तर खालच्या सांध्यातील १ मिलिमीटरची ढिल मुठीपाशी ४ मिलिमीटर भासते. तीन-चार सांधे थोडेथोडे झिजले, की त्यांची बेरीज होते.

आधी निदान, मग पाना

न्यूट्रलमध्ये दांडा आडवा हलणे स्वाभाविक आहे. परीक्षा गिअरमध्ये घ्यावी. इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड वा विटा लावून दांडा तिसऱ्या गिअरमध्ये टाकावा आणि हलवून पाहावा. तेथेही तो मोकळा फिरत असेल, तर जोडणी झिजली आहे असे समजावे.

पुढची पायरी दोघांनी करावयाची आहे. एकाने आत बसून दांडा सावकाश हलवावा, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात खालून प्रत्येक सांधा पाहावा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी क्षणभर थांबून मगच हलते, असे जेथे दिसेल तो सांधा झिजलेला. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट दांड्याबरोबर तत्काळ हलत असूनही गिअर सटकत असेल, तरच संशय आतील भागांवर घ्यावा.

तीन लक्षणांची गल्लत टाळावी. गिअर टाकताना करकर आवाज येणे हे बहुधा क्लच नीट न सुटल्याचे किंवा आतील सिंक्रोनायझर झिजल्याचे चिन्ह असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडता दांडा पुढे-मागे उडी घेत असेल, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग तपासावे. दांड्याची केवळ मूठच फिरत असेल, तर तिचे आटे तपासून पाहावेत.

दुरुस्ती कशी होते

काम सपाट जागेवर आणि सायलेन्सरचा पाइप पूर्ण थंड झाल्यावर करावे, कारण जोडणी बहुधा त्याच्या जवळून जाते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कदापि शिरू नये. मजबूत स्टँड किंवा गॅरेजमधील खड्डा वापरावा.

आतून रबरी बूट आणि भोवतीचे प्लास्टिकचे आवरण काढले, की टेकूची वाटी दिसते. ती तडकली असल्यास बदलावी, गोळा पुसून नवे ग्रीस लावावे. खालील गंजलेल्या बोल्टांवर गंज सैल करणारे तेल आदल्या रात्रीच सोडावे. सुटे करण्यापूर्वी भागांची स्थिती रंगाने किंवा खडूने खुणावून ठेवावी, म्हणजे जुळणी चुकत नाही. जुने बुश काढून छिद्रातील गंज साफ करावा. बोल्टवर खाच पडली असेल किंवा छिद्र लंबगोल झाले असेल, तर तो भागही बदलावा. एरवी नवे बुश थोड्याच दिवसांत पुन्हा खेळू लागते. नायलॉनला साधे ग्रीस चालते, रबरासाठी मात्र सिलिकॉन किंवा रबरासाठीचे खास ग्रीस वापरावे. खनिज तेलाने रबर फुगते. एकच बुश बदलण्यापेक्षा सर्व सांध्यांचे बुश एकदम बदललेले बरे. पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाउस अशा सुट्या भागांच्या बाजारांत चौकशी करताना मॉडेलचे वर्ष आणि जुना नमुना सोबत न्यावा.

जोडणीनंतर प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. रिव्हर्समध्ये मागचा पांढरा दिवा लागतो का, हेही पाहावे. त्यानंतरच मोकळ्या जागेत चाचणी घ्यावी.

स्टिअरिंगजवळचा दांडा

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आणि जुनी अ‍ॅम्बेसेडर यांची घडण वेगळी. त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो आणि तेथून छोट्या दांड्यांमार्फत हालचाल गिअरबॉक्सपर्यंत जाते. सांधे अधिक, म्हणून ढिल साचण्याच्या जागाही अधिक. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौसेने जपलेल्या खासगी गाड्यांमध्ये मात्र ही तक्रार आजही आढळते. तपासण्याची रीत तीच : वरून दांडा हलवायचा आणि खालच्या टोकापासून एकेक सांधा पाहत जायचे.

घाटात धोका

सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा तार गुंडाळून दांडा घट्ट करण्याचा रस्त्यावरचा उपाय गाडी घरापर्यंत आणण्यापुरताच मानावा. सांधा पूर्ण निखळला, तर दांडा हलतो पण गिअर बदलत नाही. कसाऱ्यासारख्या घाटात उतरताना खालचा गिअर इंजिनाच्या ओढीने वेग रोखून धरतो. त्याच वेळी गिअर सटकून गाडी न्यूट्रलला आली, तर सारा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. उतारावर उभी गाडी गिअरमध्ये आहे असे वाटावे आणि ती नसावी, हाही तेवढाच गंभीर प्रकार.

हे लक्षात ठेवा

- गिअरमध्येही दांडा मोकळा फिरत असेल, तर आधी बुश आणि सांधे तपासून घ्यावेत. बॉक्स उतरवण्याचा निर्णय त्यानंतर.
- कोणता सांधा झिजला आहे, ते मेकॅनिकला गाडीखाली दाखवायला सांगावे आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत.
- जोडणी नीट असूनही गिअर सटकत असेल, आवाज येत असेल किंवा गिअरबॉक्समधून तेल गळत असेल, तर घरगुती प्रयोग न करता गाडी गॅरेजमध्ये द्यावी.
- गिअर आपोआप सटकत असल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. उतारावर उभी करताना हँडब्रेकसोबत चाकाला दगड लावावा.