दाढ, नस आणि पानाचा चुना

दिवाळीत शहाद्याला गेलो होतो. आजीच्या खालच्या जबड्यात एकही दाढ उरलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "दुखली की उपटायची, दुसरं काय?" खरंच दुसरं काही नव्हतं का? शोधायला बसलो आणि शनिवार गेला!

दाताच्या आत नस असते. कीड तिच्याजवळ पोचली की प्रश्न एकच, सगळी कीड खरवडायची की थोडी ठेवायची? १८५९ मध्ये इंग्लंडच्या जॉन टोम्सनी लिहिलं, रंग बदललेला थर राहिला तरी चालेल, पण नस जपा. १९०८ मध्ये अमेरिकेचे जी. व्ही. ब्लॅक उलट म्हणाले, नस उघडी पडली तरी बेहत्तर, पण मऊ झालेला थर ठेवू नका. विसावं शतक बरंचसं ब्लॅकच्या बाजूनं गेलं.

दरम्यान १९२० मध्ये जर्मनीच्या हर्मननी दातासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणलं. म्हणजे आपला पानाला लावायचा चुना! (घरी प्रयोग नको, तोंड भाजेल.) मग १९६५ चा काकेहाशी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यांनी उंदरांच्या दाढांची नस उघडी केली. साध्या उंदरांची नस मेली, पण जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्यांची नस स्वतःच नवा थर बांधून बरी झाली. म्हणजे खरा बग जंतू! वरून घट्ट सील केलं की आत राहिलेले जंतू उपाशी पडतात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात तोराबिनेजाद यांनी एमटीए आणलं, ते तर चक्क पोर्टलँड सिमेंटच्या जातीचं. २०१९ मध्ये युरोपियन एंडोडोंटिक सोसायटीनं सांगितलं, नस बरी होण्यासारखी असेल तर तिच्यालगतची थोडी कीड राहू द्या. टोम्स जिंकले, दीडशे वर्षांनी.

पुण्यात हा वाद पुस्तकी वाटतो. पण आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, सातपुड्याचे घाट तेच राहिले. धडगावच्या पाड्यावरच्या माणसाला रूट कॅनलसाठी दोन-तीन खेपा, वर कॅपचा खर्च, म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी गेली. तो उपटूनच घेणार. नस वाचवणारं काम बऱ्याचदा एका खेपेत होतं. फक्त वेळेत जायला हवं. रात्री आपोआप ठणकायला लागलं की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

असो. आजीला हे सगळं सांगितलं. तिनं पानाला चुना लावला आणि म्हणाली, "आता सांगतोस होय रे!"